देशाचा रग्बी संघ, मुक्काम बोरखेडे

मु. बोरखेडे, ता. तळोदे, जि. पश्चिम खानदेश
चैत्र शुद्ध सप्तमी, शके १८६८

चिरंजीव भिलास उखादादाचा आशीर्वाद, आणि आशीर्वादाच्या पाठोपाठ चार शिव्या. त्या पत्रात आपापल्या जागी येतीलच. इकडे सगळे बरे आहेत. माय बरी आहे, गुडघा सोडून. तुझी वहिनी बरी आहे, माझ्यावरचा राग सोडून. तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला, आणि जन्मल्यापासून तो शिंगं नसताना सगळ्यांना ढुशा मारतो आहे, म्हणून त्याचाही विचार मी संघासाठी करून ठेवला आहे. तुझी प्रकृती कशी आहे ते कळव, आणि खरं कळव. ‘ठीक आहे’ एवढं एका ओळीत लिहून पाठवत जाऊ नकोस. ‘ठीक आहे’ असं आपला सुकलाल तेलीही म्हणतो, आणि तो दोन वर्षांपासून मूळव्याधीने धड बसू शकत नाही.

तुझं मागचं पत्र पोचलं. डावा पाय गुडघ्याखाली गेला तो गेला, आता पुण्यात ज्या लष्करी दवाखान्यात आहे त्याच्याच कोठारावर नोकरी मिळते आहे ती धरतो, गावी येत नाही, कारण गावात लोक माझ्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघतील, असं तू लिहिलंस. ते मी मायला वाचून दाखवलं. (सगळं. तुला वाटलं असेल दादा मधलं गाळेल. मला गाळता येत नाही, मी अडखळतो आणि तिला लगेच कळतं.) ती चुलीपुढून उठली आणि गोठ्यात जाऊन बसली. बाहेर आल्यावर तिने मला शपथ घातली की या विषयावर भिलाला एक अक्षर लिहायचं नाही, तो मोठा झाला आहे, त्याला त्याचं कळतं. तेव्हा या विषयावर मी एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र फक्त रग्बीच्या संघाबद्दल आहे. ते असं पुस्तकी भाषेत लिहितो आहे याचं नवल करू नकोस. अहिराणीत लिहायला लागलो की तू समोर बसून ऐकतो आहेस असं वाटतं, आणि मग शाई फिसकटते.

तर संघ. दोन वर्षांपूर्वी इटलीहून तू लिहिलं होतंस की दादा, गोरे सोल्जर इथे एक खेळ खेळतात, चेंडू पपईसारखा लांबोळका असतो, तो बगलेत मारून पळायचं आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी कवळ घालून पाडायचं. आणि पुढे लिहिलं होतंस की स्वराज्य आलं की आपल्या देशाचाही असा संघ होईल, तेव्हा खेळाडू तूच निवड. तू ते गमतीने लिहिलं असशील. मी ते नेमणूकपत्र समजलो. स्वराज्य येतं आहे असं तळोद्याच्या बाजारात आता सगळेच म्हणतात, नक्की कोणत्या गाडीने येतं तेवढंच ठरायचं आहे, आणि ते आलं आणि आपला संघ तयार नसला तर नाचक्की कोणाची होणार? नेमणूक झालेल्या माणसाची. बाकीच्या हिंदुस्थानातून अजून कुणी नाव कळवलेलं नाही. तेव्हा सध्या देशाचा संघ म्हणजे बोरखेडे, आणि कमी पडेल तिथे सातपुडा.

तू धुळ्याच्या त्या शिपायाबरोबर पाठवलेला चेंडू आला तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं. कुणी म्हणालं हे भोपळ्याचं पिशवीत वाढलेलं पिल्लू आहे, कुणी म्हणालं चेंडू मुळात गोलच होता, युद्धात दबला. मायला तो देव्हाऱ्यात ठेवायचा होता, कारण तुझ्या हातचा. चामड्याचा म्हणून ठेवता येईना, तेव्हा तिने तो धान्याच्या कोठीवर ठेवला, आणि रोज पदराने पुसते. सरावासाठी चेंडू हवा असला की आधी तिची परवानगी काढावी लागते, आणि परत आणला की ती तो चारी बाजूंनी तपासते, कुठे लागलं तर नाही ना म्हणून. चेंडूला.

आता माणसांकडे येतो. पहिला सुकलाल तेली. डोकी खाली घालून दोन्हीकडून रेटारेटी करायची असं तू लिहिलं आहेस, त्यासाठी त्याच्यासारखा माणूस या पट्ट्यात नाही. त्याला कुणी हलवू शकत नाही. अडचण एवढीच की तो आपण होऊनही हलत नाही. तरी येत्या पाच वर्षांत त्याच्यात झीज होईल असं दिसत नाही, कारण त्याने अंग अजून वापरायलाच काढलेलं नाही. दुसरा आपला चुलतभाऊ छगन. पाय चांगले, छाती चांगली, पण चेंडू मागच्याला द्यायचा म्हटलं की त्याचं घोडं अडतं. पाठ फिरवून, न बघता, कुणाला वस्तू भिरकावायची हे त्याला पटत नाही. तो पळता पळता थांबतो, पूर्ण वळतो, आणि उजव्या हाताच्या कोपराला डावा हात लावून, भटजीला दक्षिणा द्यावी तसा चेंडू देतो. आणि डाव्या बाजूच्या गड्याला तर देतच नाही, कारण त्यासाठी डावा हात पुढे करावा लागतो, आणि डाव्या हाताने आपल्यात कुणाला काही देतात का? हे एकट्या छगनचं नाही, सगळ्या गावाचं आहे. त्यामुळे आपला संघ धावायला लागला की हळूहळू उजवीकडे सरकत जातो. एकदा असे सरकत सरकत आम्ही विहिरीवर पोचलो, तिथे बायका धुणी धूत होत्या, सराव तेवढ्यावरच संपला.

पळणारा माणूस मैदानी गावांत सापडेना, म्हणून मी होळीला सातपुड्यातल्या काठी गावाला गेलो. अक्कलकुव्यापर्यंत बैलगाडीने आणि पुढे पायी. (वहिनीचा राग तो हाच. घरची होळी सोडून गेलो.) तिथे नवलसिंग भेटला. कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरं बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून तो सगळी रात्र नाचला होता आणि सकाळी डोंगर उतरून नाल्यावर पाणी प्यायला असा पळाला की दुध्यांचा आवाज आधी खाली पोचला की तो, हे मला सांगता येणार नाही. मी त्याच्याकडे विषय काढला. त्यांचं होळीचं व्रत अजून सुटलेलं नव्हतं, व्रतात खाटेवर टेकायचं नसतं, म्हणून आम्ही जमिनीवर बसून बोललो. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि तीनच गोष्टी विचारल्या. चेंडू पलीकडे नेला की तो कुणाचा होतो? कुणाचाच होत नाही, परत आणायचा असतो, असं मी सांगितलं. जेवण काय? आणि ढोल कोण वाजवणार? ढोलाशिवाय पंधरा माणसांनी एकत्र कसं पळायचं ते त्याला समजेना, आणि खरं सांगतो, तसा विचार केला तर मलाही समजेना. म्हणून त्याचा भाऊ वीरसिंग ढोलासकट संघात आला. आणखी चौघे आले. तुझ्या पलटणीतल्या गोऱ्यांकडे ढोलकऱ्याची जागा नसेल, तर ती त्यांची चूक आहे.

सामना पाडव्याच्या आधी झाला, जांभळोद्याच्या गड्यांशी, त्यांच्या शिवेवरच्या कापणी झालेल्या गव्हाच्या रानात. आणि इथे माझी जी चूक झाली ती तुझ्यासारख्या रणांगण पाहिलेल्या माणसाच्या ध्यानात लगेच आली असती. जांभळोद्याचा म्होरक्या कोण? दोधू. म्हणजे छबूकाकूचा जावई, आपल्या जमनाचा नवरा, म्हणजे सगळ्या बोरखेड्याचा जावई. चेंडू त्याच्या हातात आला, तो पळत सुटला, आणि आपला संघ दोन्ही बाजूंना सरकून अदबीने उभा राहिला. सुकलालने टोपी सारखी केली. छगन तर म्हणाला, या पाव्हणं, इकडून या, तिकडे काटे शेतस. मी बांधावरून ओरडलो की पाडा त्याला, तर छगनने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या आईला काही बोललो. “जवाई शे तो आपला, दादा. त्याले कसा पाडू मी?” काकू स्वतः बांधावर डोक्यावरून पदर ओढून बसली होती, जावई जवळून पळाला की ती तोंड फिरवायची, त्यामुळे तिने सगळा सामना उलटा बघितला. दोधू पहिल्यांदा पळाला, मग चालत जायला लागला, मग मध्ये थांबून सासऱ्यांच्या प्रकृतीची चौकशी करून पुढे जायला लागला.

शेवटी नवलसिंगने त्याला पाडलं. सुंदर पाडलं, कमरेत कवळ घालून, तू लिहिलंस अगदी तसं. मी टाळी वाजवायला हात वर केले, तेवढ्यात आपला सगळा संघ खेळ टाकून धावला. दोघांनी दोधूला उठवलं, एकाने धोतर झटकलं, छगन पाणी घेऊन आला, आणि सुकलाल, जो आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन हलला, तो नवलसिंगला रागावला. नवलसिंगला यातलं काहीच कळेना. तो म्हणाला, आमच्यात जावई सासऱ्याच्या शेतात राबतो, पडला तर सासरा म्हणतो ऊठ, नांगर धर. पण काकूने घरून धोतर-उपरणं मागवलं आणि जावयाला तिथेच रानात आहेर केला, पडल्याबद्दल. दुसऱ्यांदा पडला तेव्हा टोपी. त्यानंतर दोधू, नवलसिंग अजून हातभर लांब असतानाच, आपण होऊन पडायला लागला. तेव्हा पुढच्या वर्षांचं धोरण मी ठरवून टाकलं आहे. ज्या गावाशी सोयरीक आहे त्या गावाशी सामना नाही. बसून हिशेब केला, तर तापीच्या काठाला सोयरीक नसलेलं एकही गाव निघालं नाही. म्हणून आपण सरळ इंग्लंडशीच खेळावं. तिथे आपली कुणी मुलगी दिलेली नाही.

उत्तरार्धात रेटारेटी झाली, तीही सांगून टाकतो. दोन्ही संघांनी खांद्याला खांदा लावून डोकी घातली. नवलसिंगच्या गड्यांनी नाचात धरतात तसे एकमेकांच्या कमरेत हात घातले. वीरसिंगला राहवलं नाही, त्याने ढोलावर टिपरी मारली. झालं. पाय पडायला लागले. सगळा घोळका, जांभळोद्याच्या गड्यांसकट, एका ठेक्यात कडेकडेने सरकायला लागला, आणि मध्ये सुकलाल, डोळे मिटून, पाय टाकतो आहे. असे ते शिवेपलीकडच्या हरभऱ्याच्या खळ्यापर्यंत गेले. चेंडू मागे रानात एकटा पडला होता, तो मी उचलला. कुणी जिंकलं ते ठरलं नाही, कारण ठरवणार कोण? नियम तुझ्या पत्रात अर्धेच आहेत. पडलेल्या माणसाने उठून परत चेंडू घ्यायचा की नाही, यावर जांभळोद्याचे आणि आपले लोक दिवस मावळेपर्यंत भांडले. दोन्हीकडचे शेवटी एकच बोलले, की हे भिलाला विचारा.

भिला, लोक बघतीलच. (शपथ माझ्या लक्षात आहे, पण हे मी लोकांबद्दल लिहितो आहे, तुझ्याबद्दल नाही.) छबूकाकूने दिवाळीत जाफराबादी म्हैस आणली, तेव्हा सगळं गाव आठवडाभर तिच्याभोवती उभं होतं. शिंगं मोजली, दात मोजले, चालते कशी ते बघितलं. पुढच्या आठवड्यात म्हशीकडे कुणी ढुंकून बघेना, म्हैस बिचारी आपण होऊन रस्त्यात येऊन उभी राहायला लागली. आपल्या गावाला एवढाच दम आहे. तुझ्याकडे जरा जास्त दिवस बघतील, कारण तू इटली पाहिलीस आणि म्हशीने पाहिली नाही. मग कुणीतरी विहीर खणायला काढेल आणि सगळे तिकडे जातील. मी मात्र बघत राहीन, त्याला इलाज नाही, तू लहान असल्यापासून मी तेच करत आलो आहे. पहिल्या शिवीची जागा ही. गाढवा, तुझ्याशिवाय हे घर मला मोठं होतं.

असो. देशाच्या संघाची पाच वर्षांची आशा एकंदरीत चांगली आहे असं समजावं. वहिनीचा तुला आशीर्वाद, छबूकाकूचा आशीर्वाद, छगनचा नमस्कार, सुकलाल म्हणतो ठीक आहे.

तुझा,
उखादादा

ता. क. संघाला पंच नाही. जागा रिकामी आहे. मी चौकशी केली, पंचाला पळावं लागत नाही. बांधावर बाज टाकून बसलं, हातात शिट्टी असली आणि आवाज खणखणीत असला की पुरतं. बाज मी विणून घेतली आहे. शिट्टी तळोद्याला मिळते. शेतात तुला नांगर धरता येणार नाही असं तुला वाटतं, पण नांगर मी धरतोच आहे, आणि धरताना मला गप्पा मारायला कुणी नाही. पंच व्हायला ये. बाकीच्या तीन शिव्या तुझ्या तोंडावर देईन, त्या कागदावर वाया घालवत नाही.

ता. क. दुसरा. वर जे पाच वर्षांचं लिहिलं ते मी पुन्हा वाचलं, आणि तुझ्याशी खोटं बोलवत नाही. संघ आता नाही. नवलसिंग आणि त्याचे गडी पावसाळ्यापर्यंत कामाला गुजरातेत उतरले. सुकलालचं अंग धरलं आहे, तो जेवायलाही निजूनच घेतो. छगनचं खळं चालू आहे. संध्याकाळी अंगणात मी आणि माय एवढेच उरतो. ती कोठीवरून चेंडू काढते, पुसते, आणि माझ्याकडे टाकते. पुढे टाकते. चेंडू मागेच टाकायचा असतो हा नियम मला तिला सांगवत नाही. काल टाकता टाकता थांबली आणि म्हणाली, “मन्हा भिला कव्हय येई रे?” मी म्हणालो, सामना असला की येईल. ती म्हणाली, “मंग सामना ठेव ना.” तेवढ्यासाठी ठेवला होता रे तो सामना. तुला कळवायला काहीतरी हवं होतं, ‘सगळे बरे आहेत’ याच्या पुढचं.

ता. क. तिसरा. नंदुरबार स्टेशन. पत्र टपालात टाकलेलं नाही. पेटीपर्यंत गेलो होतो. माय बरोबर आली होती, तिने रस्त्यातच विचारलं, काय लिहिलंस? मी सांगितलं, संघाबद्दल. ती म्हणाली, “त्याले लिखू नको. आपुन जाऊत.” गुडघा धरून ती बैलगाडीत चढली, आधार देऊ दिला नाही. आगगाडीत ती जन्मात पहिल्यांदा बसते आहे आणि मला सारखं विचारते आहे की ही गाडी भिलापाशी थांबते ना, पुढे तर निघून जात नाही? मी म्हणालो, थांबते. जळगावला बदलायची आहे हे तिला अजून सांगितलेलं नाही.

ता. क. चौथा. पुणे. तुझ्या दवाखान्याच्या फाटकाबाहेरून लिहितो आहे, लिंबाच्या झाडाखाली, मांडीवर कागद ठेवून. भेटीची वेळ दुपारनंतर आहे, पण पहारेकरी भला माणूस आहे, पाकीट आत पोचवतो म्हणाला. तुला आधी कळवलं असतं तर तू नको म्हणाला असतास, म्हणून कळवलं नाही. ओढून न्यायला आलो नाही. नोकरी धरायची असेल तर धर, आम्ही तुझं तोंड बघू आणि परत जाऊ, मी रागावणार नाही, माय तर मुळीच नाही. फक्त एवढं सांगून ठेवतो की तिने परतीच्या वाटेसाठी दशम्या बांधल्या आहेत त्या तिघांच्या आहेत. मी मोजल्या. तिसऱ्या वाटणीच्या मी खाऊ शकतो, तू मला ओळखतोस, पण खाणार नाही.

वाचून झालं असेल तर बाहेर ये. सावकाश ये. पायऱ्या असतील तर कठडा धर. आतून कुणी आलं की माय दर वेळी उठून उभी राहते, आणि बस म्हटलं तरी बसत नाही.